पोक्ल्युकाच्या चढावरचे काही सेकंद

(दृश्य: ल्युब्ल्यानाच्या उत्तरेकडची शेतं, मागे डोंगररांग)

स्लोव्हेनियाचा सायकलपटू तादेय पोगाचार तेव्हा नऊ वर्षांचा होता. थोरला भाऊ टिलेन सायकलच्या क्लबात जायला लागला, म्हणून यालाही जायचं होतं. अडचण एवढीच, की एवढ्याशा पोराच्या मापाची सायकल क्लबात नव्हती. ती मिळेपर्यंत थांबावं लागलं.

क्लबाचं नाव रोग. स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्ल्याना, तिथे याच नावाचा सायकलींचा कारखाना होता आणि युगोस्लाव्हियाच्या काळात त्याची ‘पोनी’ सायकल घराघरांत दिसायची. कारखाना पुढे बंद पडला, क्लब मात्र चालू राहिला.

स्लोव्हेनियाचे माजी सायकलपटू आंद्रेय हाउप्टमान त्या दिवसांतला एक किस्सा सांगतात. मुलांची शर्यत बघायला ते जरा उशिरा पोचले. मोठ्या मुलांचा घोळका पुढे, आणि मागून एक चिमुरडा जिवाच्या आकांतानं पेडल मारतोय. बिचारा मागे पडलाय, त्याला कुणीतरी मदत करा, असं ते म्हणाले. उत्तर मिळालं, ‘तो मागे नाहीये. एक पूर्ण फेरी पुढे जायच्या बेतात आहे!’

(दृश्य: वळणावळणांचा घाट, एकटा सायकलस्वार)

अख्ख्या स्लोव्हेनियाची लोकसंख्या 21 लाखांच्या आसपास. म्हणजे पुणे शहराहूनही कमी. एवढ्याशा देशात शर्यती मोजक्या आणि चेहरे तेच ते. पोगाचारचं क्लानेत्स हे गाव कोमेंडाजवळचं. तिथून उत्तरेला कर्वावेत्सचा डोंगर. हिवाळ्यात तिथे स्कीइंग चालतं आणि उन्हाळ्यात त्याच रस्त्यावर सायकलवाल्यांचा घाम निघतो.

जून 2020. कोरोनामुळे जगभरातल्या शर्यती ठप्प होत्या, सायकलची सगळ्यात मोठी शर्यत टूर द फ्रान्स ऑगस्टअखेरपर्यंत पुढे गेली होती. स्लोव्हेनियानं मात्र आपली राष्ट्रीय स्पर्धा उरकून घेतली. रोड रेसचा शेवट कर्वावेत्सच्या अंगावरच्या आम्ब्रोझ गावात. तिथे प्रिमोझ रोग्लिच जिंकला. हा आधी स्की जंपिंग करायचा, सायकलकडे उशिरा वळला, आणि आदल्याच वर्षी त्यानं व्हुएल्टा ही स्पेनची मोठी शर्यत जिंकली होती. पोगाचार दहा सेकंदांनी दुसरा.

आठवड्याभरानं टाइम ट्रायल. गोर्ये गावातून निघायचं आणि वर पोक्ल्युकाच्या पठारावर पोचायचं. अंतर पंधरा-सोळा किलोमीटर, दुतर्फा स्प्रूसचं जंगल. टाइम ट्रायलमध्ये प्रत्येक जण एकेकटा निघतो, वारा अडवायला पुढे कुणी नसतं. डावपेच नाहीत, सहकारी नाहीत. घड्याळ आणि तुमचे पाय, बस्स. तिथे पोगाचार जिंकला. फरक किती? दहा सेकंदांच्याही आतला.

परदेशात या निकालाची फारशी दखल कुणी घेतली नाही. खरं सांगायचं तर घ्यायचं कारणही नव्हतं. एवढ्याशा फरकावरून कुणी भविष्य वर्तवत नसतं.

(दृश्य: फ्रान्समधलं ला प्लांश दे बेल फीय, प्रेक्षकांनी भरलेला चढ)

19 सप्टेंबर 2020. टूरचा विसावा टप्पा. पुन्हा टाइम ट्रायल, पुन्हा शेवटी चढ, आणि पुन्हा हेच दोघे. एकूण वेळेत पुढे असलेल्याला मिळणारी पिवळी जर्सी रोग्लिचच्या अंगावर, आघाडी 57 सेकंदांची. एकूण अंतर 36.2 किलोमीटर. चढाच्या पायथ्याशी दोघांनीही सायकल बदलली, कारण सपाटीवर पळणारी टाइम ट्रायलची सायकल घाटात जड जाते. पोगाचारची लय तुटली नाही. रोग्लिचचं हेल्मेट डोक्यावर तिरकं सरकलेलं, चेहरा पांढराफटक. शेवटची रेषा ओलांडली तेव्हा पोगाचार त्याच्याहून 1 मिनिट 56 सेकंदांनी सरस ठरला होता. 57 सेकंदांची पिछाडी 59 सेकंदांची आघाडी झाली, आणि टूर त्याच्या हाती आली. दोन दिवसांनी त्याला बावीस वर्षं पूर्ण झाली.

जग चकित झालं, आणि ते बरोबरच होतं. पण हे दोघं आपापल्या घड्याळाशी झुंजत चढ चढताना कसे दिसतात, हे पोक्ल्युकाच्या रस्त्यानं जूनमध्येच पाहिलं होतं.

मोठं नाव झाल्यावर खेळाडू घरच्या शर्यती टाळतात. दगदग नको, दुखापत नको, शिवाय मिळायचं काय? पोगाचारचा हिशेब निराळा दिसतो. एप्रिल 2023 मध्ये बेल्जियममधल्या लिएजच्या शर्यतीत पडून त्याचं मनगट मोडलं. टूर तोंडावर. पुनरागमनाला त्यानं निवडली ती राष्ट्रीय स्पर्धाच. टाइम ट्रायल पाच मिनिटांहून जास्त फरकानं मारली, रोड रेसही जिंकली, आणि लगेच टूर गाठली. तिथे तो दुसरा आला.

त्याच्या आदल्या वर्षीचा प्रकार मात्र भलताच मजेशीर आहे. टूर ऑफ स्लोव्हेनियाचा एक टप्पा वेलिका प्लानिनाच्या चढावर संपत होता, पोगाचारच्या घरापासून फार लांब नाही. तो आणि त्याचा पोलिश सहकारी राफाल माइका, दोघंच पुढे. बाकी सगळे मागे. आता जिंकायचं कुणी? चालत्या सायकलीवर दोघांनी हात पुढे केले. दगड, कागद, कात्री! माइकाची सरशी झाली. टप्पा त्याचा, आणि आपल्याच मुलखात पोगाचार हसत हसत दुसरा.