दगडी: ट्यूब सोडण्याआधी आणि सोडल्यानंतर

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

झडीचे दिवस आले की गोठ्यात चिखल होतो, माश्या वाढतात आणि माझा फोन वाजू लागतो. "मॅडम, गाईला दगडी झाली, मेडिकलवरून कोणती ट्यूब आणू?" याचं उत्तर मी फोनवर देत नाही. का देत नाही, तेच आज सांगते.

दगडी, म्हणजेच कासदाह (कासेला येणारी सूज), हा काही एकाच जंतूचा आजार नाही. सडाच्या तोंडातून कधी स्टॅफिलोकोकस आत जातो, कधी स्ट्रेप्टोकोकस, तर कधी शेणातला ई-कोलाय. एकाला मारणारं औषध दुसऱ्याला मारेलच असं नाही. स्टॅफिलोकोकस तर कासेच्या मांसात घर करून बसतो. सूज उतरते, दूध पांढरं दिसतं, आपण हुश्श करतो आणि काही दिवसांनी तेच सड पुन्हा कडक होतं. म्हणून पहिली ट्यूब, म्हणजे सडाच्या तोंडातून आत सोडायचं औषध, सोडायच्या आधी दुधाचा नमुना काढून ठेवायचा. सड स्पिरिटने पुसून, पहिल्या धारा टाकून, डॉक्टरांनी दिलेल्या निर्जंतुक शिशीत तो घ्यायचा आणि बर्फात ठेवून द्यायचा. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी त्यावरून कोणतं औषध लागू पडेल ते कळतं. औषध आत गेल्यावर नमुना घेतला, तर जंतू सापडणं अवघड होतं.

एक लक्षण मात्र वेगळं ओळखा. गाईनं चारा सोडला, कान गार पडले, सडातून पिवळट पाणी यायला लागलं, तर सकाळची वाट पाहू नका. तिथं नुसत्या ट्यूबनं भागत नाही. सलाईन आणि दुखणं कमी करणारं इंजेक्शन लागतं, आणि काही तासांत गाय हातची जाऊ शकते.

आता ट्यूब सोडण्याबद्दल. हात साबणानं धुवा. आजारी सड शेवटच्या थेंबापर्यंत पिळून घ्या. आत घाण दूध राहिलं तर औषध त्यातच वाया जातं. सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा, बोळा पांढरा निघेपर्यंत पुसा. नळीचं टोक अगदी थोडंसं आत घाला, पूर्ण खुपसू नका, नाहीतर बाहेरचे जंतू आपणच आत ढकलतो. औषध सोडून झालं की सडाचं तोंड दाबून धरा आणि हलक्या हातानं कासेकडे वर चोळा. एक ट्यूब एका सडाला. अर्धी या सडाला, अर्धी शेजारच्या सडाला, हे मी गोठ्यागोठ्यात पाहते, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. पैसे जातात, दोन्ही सडांना औषध अपुरं पडतं, आणि जे जंतू वाचतात ते त्या औषधाला सरावतात. दोन दिवसांत सूज उतरली म्हणून कोर्स सोडला, तरी तेच होतं. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले, तितके दिवस औषध गेलंच पाहिजे.

मग प्रश्न दुधाचा, आणि इथं मला तुमची अडचण ठाऊक आहे. ढेपेचे पैसे संकलन केंद्रातून येणाऱ्या दुधाच्या बिलातूनच निघतात. पण औषध चालू असताना आणि त्यानंतर लेबलवर लिहिलेल्या दिवसांपर्यंत ते दूध विकायचं नाही. लेबलवर मुदत नसेल, तर नियमाप्रमाणे शेवटच्या मात्रेनंतर किमान 7 दिवस थांबायचं. "आजारी सडाचं फेकतो, बाकी तिन्हींचं घालतो," असं बरेच जण म्हणतात. एका सडात सोडलेलं औषध रक्तात मिसळून उरलेल्या सडांमध्येही येऊ शकतं, म्हणून चारही सडांचं दूध बाजूला ठेवायचं. उकळल्यानं हे औषध जात नाही. अशा दुधाला विरजण लावून पाहा, दही नीट लागत नाही. विरजणातले जंतूच त्यात मरतात. पेनिसिलिनची अॅलर्जी असलेल्या माणसाला तर ते दूध धोक्याचं. वासराला पाजू नका, गोठ्यात सांडू नका. विहिरीपासून दूर खड्डा करून त्यात ओता.

दगडी दिसत नाही तेव्हाही असते, हे ध्यानात ठेवा. कास मऊ असते, दूध पांढरं असतं, फक्त रोजचं माप हळूहळू उतरत जातं. घरी तपासायचं असेल तर 100 मिली पाण्यात 3 ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवा. प्रत्येक सडाचं थोडं दूध वेगळ्या वाटीत घेऊन तेवढंच हे पाणी त्यात घाला आणि वाटी हलवा. घट्ट, तार सुटणारं झालं तर त्या सडात आजार आहे असं समजा आणि डॉक्टरांना दाखवा. अशा छुप्या दगडीला गाय दुधात असताना औषध देणं बहुधा परवडत नाही. व्यायच्या साधारण 60 दिवस आधी गाय आटवतो, म्हणजे धार काढणं बंद करतो, तेव्हा चारही सडांत सोडायच्या वेगळ्या, जास्त दिवस काम करणाऱ्या ट्यूब मिळतात. छुप्या दगडीच्या औषधासाठी तीच खरी वेळ.

धार काढून झाली की सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं असतं. तेवढा वेळ गाय उभी राहावी म्हणून कुटार नाहीतर हिरवा चारा धारेनंतरच टाका. सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा. आजारी गाय सगळ्यांत शेवटी पिळा. आणि गाय आजारी दिसली तर 1962 या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. कोणत्या सडाला, कधीपासून आणि आधी कोणतं औषध दिलं, एवढं सांगा, रिकामी ट्यूब जपून ठेवा.