दोन डागाळलेल्या प्रती, एक स्वच्छ एपिसोड

मंडळी, एका खराब प्रतीवर कितीही फिल्टर चढवले तरी गेलेला तपशील परत येत नाही. फिल्टर अंदाज बांधतो. दुसरी प्रत पुरावा देते. टीव्हीवरून रेकॉर्ड केलेला ॲनिमे एपिसोड आणि वेबवर आलेला तोच एपिसोड, दोन्ही डागाळलेले असतात. पण डाग वेगवेगळ्या जागी असतात. आजचं सगळं काम एवढ्यावरच उभं आहे. हे स्वतःच्या संग्रहासाठी आहे, वाटपासाठी नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

जपानमधल्या बहुतेक चॅनेलांचं जमिनीवरचं (उपग्रहाविना, मनोऱ्यावरून होणारं) एचडी प्रसारण १४४०×१०८०, इंटरलेस (एकाआड एक ओळी आळीपाळीनं), एमपेग-२ या जुन्या कंप्रेशनमध्ये असतं. कोपऱ्यात चॅनेलचा लोगो, आणि तिकडे भूकंप झाला की वर बातमीची पट्टी. मारामारीच्या दृश्यात चौकटी-चौकटी उमटतात. वेबची प्रत बहुधा १९२०×१०८०, प्रोग्रेसिव्ह (प्रत्येक फ्रेम अख्खी) आणि लोगोविना. मात्र बिटरेट (सेकंदाला मिळणारा डेटा) कमी पडला की रात्रीच्या आकाशात पट्टे दिसतात आणि चित्राचा बारीक दाणा पुसला जातो.

पहिलं काम टीव्हीच्या प्रतीचं. ॲनिमे सेकंदाला २३.९७६ फ्रेमनं बनतो आणि प्रसारणात ५९.९४ फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळींच्या अर्ध्या फ्रेम, जातात. म्हणजे मूळच्या ४ फ्रेमचे १० फील्ड होतात, त्यांच्या ५ फ्रेम बनतात, आणि त्यातल्या २ फ्रेममध्ये कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. इथे बरेच जण सरळ डीइंटरलेस करून (उरलेल्या ओळी अंदाजानं भरून) मोकळे होतात आणि उभी स्पष्टता विनाकारण घालवतात. त्याऐवजी फील्ड जुळवायचे आणि दर ५ पैकी १ दुबार फ्रेम काढून टाकायची. व्हेपरसिंथ या स्क्रिप्टनं व्हिडिओवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये व्हीआयव्हीटीसी प्लगिन हेच करतं. जाहिरातीच्या सांध्यावर ५ चा क्रम मोडतो, म्हणून ठरावीक क्रम गृहीत धरायचा नाही. शेवटची सरकती नामावली कधी ५९.९४ च्या चालीनं सरकते आणि मागचं चित्र २३.९७६ चं असतं. तिथे भांडत बसू नका, तो तुकडा वेबवरून घ्या.

आता जुळवणी. खरी मेहनत इथेच आहे. दृश्य झटक्यात बदलतं अशी जागा निवडा आणि दोन्ही प्रतींतले फ्रेमचे आकडे लिहा. हेच सुरुवातीला, जाहिरातीच्या आधी, नंतर आणि शेवटी करा. चारही ठिकाणी फरक सारखा आला तर ठीक. पुढे जाताना एक-एकानं वाढत गेला तर फ्रेम काढण्यात चूक आहे. जाहिरातीनंतर एकदम उडी मारली तर कापणी चुकली. मग प्रत्येक फ्रेमच्या फरकाचा आलेख काढा. एखादं शिखर दिसलं की ती फ्रेम डोळ्यानं बघा.

वेळ जुळली म्हणजे जागा जुळली असं नाही. टीव्हीची प्रत १४४० वरून १९२० ला ताणल्यावर ती पाव-अर्धा पिक्सेल सरकलेली असू शकते. दोन्ही फ्रेम एकमेकांतून वजा करा, फरक दहापट वाढवा आणि करड्या पार्श्वभूमीवर बघा. चेहऱ्याच्या रेघेला एका बाजूनं पांढरी आणि दुसऱ्या बाजूनं काळी कड दिसली, तर सरक आहे. पाव-पाव पिक्सेलनं हलवत ती कड नाहीशी करा. कडा नाहीत पण अख्खा चेहराच रंगीत दिसतोय, तर गडबड रंगात आहे: एका प्रतीवर ७०९ (एचडीचं रंगांचं मानक) च्या जागी ६०१ (जुन्या एसडीचं) लागलं आहे, नाहीतर काळ्या-पांढऱ्याची १६ ते २३५ ची मर्यादा कुठेतरी ताणली गेली आहे. हे न सुधारता मिसळलं तर सगळ्या रेघा दुहेरी आणि रंग मळकट. मग दोष फिल्टरला देतात!

मिसळणी त्यामानानं सोपी. लोगोच्या जागी मास्क (कुठला भाग बदलायचा ते दाखवणारा साचा) टाकून तेवढा भाग वेबवरून आणा, कड ६-८ पिक्सेल मऊ ठेवा. बाकी चित्रात जिथे दोन्ही प्रतींतला फरक थोडा आहे तिथे सरासरी घ्या. कंप्रेशनचा गोंधळ दोन्हींत स्वतंत्र आणि सारखाच असेल तर त्याचं व्हेरिअन्स (चढउताराचं माप) निम्म्यावर येतं. फरक मोठा असेल तिथे सरासरी घेऊ नका, जी प्रत चांगली तीच ठेवा.

एक जागा खास बघायची: लखलखाटाची दृश्यं. १६ डिसेंबर १९९७ ला पोकेमॉनच्या एका भागातल्या लाल-निळ्या लखलखाटानं जपानमध्ये शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्यानंतर नियम आले, आणि अशी दृश्यं टीव्हीवर मंद करून किंवा फ्रेम एकमेकांत मिसळून दाखवतात. मंद केलेलं दृश्य नुसतं उजळलं तर पट्टे वर येतात. वेबची प्रत मंद नसेल तर तो तुकडा तिथूनच घ्या.

आपल्याकडच्या डिशच्या रेकॉर्डिंगचं चित्र ५७६ ओळींचं असेल तर ते सोडा, हिंदी आवाज घ्या. घरचे पोट्टे त्याच आवाजावर वाढले. झडीच्या रिपरिपीनं फार बिघडत नाही, पण जोराची सर आली की डिश वापरते त्या केयू बँडचा सिग्नल पडतो आणि डेटाची १८८ बाइटची पाकिटं गळतात. प्रत्येक पाकिटावर ० ते १५ चा क्रमांक असतो, त्यावरून गळती सापडते. नेमकी १६ गळली तर मात्र कळत नाही, तिथे कानानंच शोधावं लागतं. मग पूर्ण लांबी मोजा. २४ मिनिटांचा भाग सुमारे २३ मिनिटांत संपत असेल, आणि मधलं दृश्य कापलेलं नसेल, तर तो २५ फ्रेमवर पळवला आहे. एफएफएमपेग या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सेकंदाला ४८,००० नमुन्यांचा आवाज ४६,०३४ चा आहे असं समजून वाचायला लावा आणि पुन्हा ४८,००० वर आणा. वेग आणि स्वराची पट्टी दोन्ही जागेवर येतात. लांबी सारखी असेल तर वेगाला हात लावू नका.

शेवटी पट्टे घालवणारा फिल्टर १६ बिटमध्ये चालवा आणि फाइल बनवताना १० बिट एक्स२६५ या एन्कोडरला सीआरएफ (दर्जाचा आकडा, कमी तितका चांगला) १६ ते १८ द्या. ८ बिटमध्ये काढलं तर घालवलेले पट्टे परत येतात. लाइटचा भरवसा नसेल तर एपिसोड दृश्य बदलतं तिथे ५-६ तुकड्यांत तोडून काढा, म्हणजे वीज गेली तरी एकच तुकडा पुन्हा काढावा लागतो. मे महिन्यात उन्हामुळे हे रात्रीच लावा. सगळे तुकडे एकाच सेटिंगवर काढून एमकेव्हीमर्ज या फाइल जोडणाऱ्या सॉफ्टवेअरनं जोडा, आवाज त्यानंतर लावा, आणि ओठ जुळतात का ते शेवटच्या दोन मिनिटांत तपासा, कारण चूक साठत गेलेली असेल तर तिथेच दिसते.