अळी पान खाऊन राहिली

(दृश्य : तिसरीच्या वर्गाची खिडकी. कट्ट्यावर काचेची बरणी, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा आणि रबर.)

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. म्हणून विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून संपता संपता उघडतात. पहिले दोन-तीन पाऊस झाले की शाळेच्या कुंपणालगतच्या लिंबूला कोवळी पालवी फुटते. त्या पालवीवर एक फुलपाखरू घिरट्या घालतं, पानाला क्षणभर टेकतं आणि उडून जातं.

ते का टेकलं, हे पाहायला मुलं धावली.

(दृश्य : पानाच्या कडेला एकच अंडं, अगदी जवळून.)

मोहरीच्या दाण्याएवढं, फिक्कट पिवळं. लिंबू, संत्रा, बेल, गोडलिंब अशा झाडांवर वाढणाऱ्या फुलपाखराचं हे अंडं. पानासकट ते बरणीत आलं. तीन-चार दिवसांनी अळी बाहेर पडली आणि तिनं सगळ्यात आधी आपलंच टरफल खाल्लं.

मग पहिली गडबड झाली. एका मुलानं बरणी उचलून तक्रार केली, "मॅडम, यात पाखरानं घाण केली."

घाण नव्हती, तीच अळी होती. काळपट अंग, मधे पांढरा डाग, हुबेहूब पक्ष्याची विष्ठा. चिमणीनं खाऊ नये म्हणून घेतलेलं हे सोंग. पुढे कात टाकत टाकत ती पानासारखी हिरवीगार झाली. काडीनं डिवचलं तर डोक्यामागून लालसर, दोन टोकांचं शिंग बाहेर काढायची, आणि उग्र वास सुटायचा. वर्गातल्या प्रत्येकानं तो वास घेतला. काहींनी दोनदा.

"मॅडम, पाहा ना, पान खाऊन राहिली!" एक मुलगी कुजबुजली. बरणीला कान लावा, असं तिनं आम्हालाही सांगितलं. आम्ही लावला. कुरतडण्याचा आवाज खरंच येतो का, हे आजही सांगता येणार नाही. तिला तो येत होता.

(दृश्य : भिंतीवरचा तक्ता. चार चित्रं, चार बाण.)

जीवनचक्र म्हटलं की आपल्याला हा तक्ता आठवतो. घरोघरी आदल्या रात्री आईबाबा थर्माकोल कापतात, अळी चिकटवतात, आणि मूल सकाळी ते डोक्यावर धरून शाळेत येतं. त्या कष्टांबद्दल वाईट बोलायचं नाही. पण तक्त्यावर अंड्यापासून फुलपाखरापर्यंत बोटभर अंतर असतं. इथे मुलांना महिनाभर वाट पाहावी लागली. रोज ताजी पानं तोडायची, बरणीतल्या लेंड्या झाडायच्या, रविवारी बरणी कोण नेणार यावरून भांडायचं. आठ वर्षांच्या मुलाला निसर्ग कळतो तो या कामांतून, असं आम्हाला वाटतं.

आणि तक्त्यावर न मावणारे प्रश्नही येतात. काटोलला आजोबांचा संत्र्याचा बगीचा असलेली एक मुलगी उभी राहिली. "आमचे आजोबा तर हिला वेचून मारतात. लहान रोपाची सगळी पानं खाते ना."

वर्ग गप्प झाला. बाईंनी अळीची बाजू घेतली नाही, आजोबांचीही घेतली नाही. त्या म्हणाल्या, "आजोबा बरोबरच करतात. रोप जगलं नाही तर संत्री कुठून येतील? आणि अळीचंही बरोबर आहे. तिला दुसरं काही खाताच येत नाही." महाराष्ट्रानं २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेल्या नीलवंताची अळीसुद्धा याच कुळातल्या झाडांवर वाढते, हेही त्यांनी सांगितलं.

(दृश्य : काडीला रेशमी धाग्यानं बांधलेले दोन कोष. एक हिरवा, एक तपकिरी.)

तोवर बरणीत दोन अळ्या होत्या. दोघींचे कोष झाले. एका सकाळी प्रार्थनेनंतर हिरवा कोष फाटला. ओले, चुरगळलेले पंख घेऊन फुलपाखरू काडीला लटकलं. काळ्यावर पिवळसर ठिपके, मागच्या पंखावर लाल डाग. पंख ताठ व्हायला पुढचे दोन तास गेले. गणिताचा तास कुणी घेतला नाही. मच्छरदाणी काढली तेव्हा ते आधी एका पोराच्या दप्तरावर बसलं, मग खिडकीबाहेर.

तपकिरी कोषातून काहीच येईना. चार दिवसांनी त्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं, आणि बरणीत चिलटांसारखे बारीक कीटक फिरताना दिसले. ही एक इवलीशी गांधीलमाशी. कोष ताजा असतानाच ती त्यात अंडी घालते आणि तिची पिल्लं आतलं सगळं खाऊन वाढतात. बाईंनी हे जसंच्या तसं सांगितलं. "बरणी फेकून देऊ," असं त्या म्हणू शकल्या असत्या. त्या म्हणाल्या नाहीत, याचं आम्हाला फार मोल वाटतं.

दोन मुलं रडली. बाकीची बरणीभोवती वाकून पाहत होती.

काटोलची ती मुलगी बराच वेळ बोलली नाही. मग तिनं बरणी दोन्ही हातांत धरली.

"मॅडम, यायले आजोबाच्या बगीच्यात नेऊ का?"