ओटा लहान, भांडी फार

तलावपाळीवरून रमतगमत आलात ना सगळे? मग जरा कामाला लावते. अलीकडचा एखादा बोचणारा प्रसंग आठवा. मोठं दुःख नको, लोकलमध्ये धक्का देऊन वर कुणी आपल्यालाच सुनावलं, एवढं पुरे. डोळे मिटा, तो चेहरा समोर आणा आणि किती बोचतंय त्याला दहापैकी गुण द्या. दिले? आता चेहरा समोरून हलू द्यायचा नाही, आणि ३०० मधून सात-सात वजा करत जायचं. ३००, २९३, २८६...

(हशा) पुढच्या रांगेतले काका २७९वर अडकले. आता पुन्हा गुण द्या. बऱ्याच जणांचा आकडा उतरला असेल.

हे होतं कसं? बॅडली आणि हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली कार्यस्मृतीची, म्हणजे आत्ता मनात घोळतंय ते तेवढ्यापुरतं धरून ठेवणाऱ्या छोट्या जागेची, कल्पना मांडली. मी तिला वन-आरकेतला ओटा म्हणते. आठवण फळीवरून, म्हणजे कायमच्या साठ्यातून, ओट्यावर आली की तिला जागा लागते, वजाबाकीलाही लागते. दाटीत चित्र फिकट होतं, आणि फळीवर परत जाताना तसंच फिकट जातं, असं मानतात.

१९८७ साली फ्रान्सिन शापिरो यांना बागेत फिरताना जाणवलं, की डोळे इकडून तिकडे हलले की त्रासदायक विचारांची धार कमी होते. त्यातून उपचारपद्धत निघाली. आठवण मनात धरायची आणि नजर थेरपिस्टच्या बोटामागे न्यायची. लोकांना वाटलं, जादू डोळ्यांत आहे. पण प्रयोगांत मनातल्या हिशेबानेही तोच परिणाम दिसला. नुसते टुक-टुक आवाज ऐकणं मात्र कमी पडतं. त्याला डोकं लागतच नाही!

काही वर्षांपूर्वी पावसात कापूरबावडीला माझी स्कूटर घसरली. जाऊबाई म्हणत, "विसर गं ते, टीव्ही बघ." बघितला. रात्री ट्रकचं चाक पुन्हा कानाजवळून गेलं. जाणारच, कारण टीव्ही बघताना चाक ओट्यावर आलंच नव्हतं, फळीवर जसंच्या तसं होतं.

ऑक्सफर्डच्या एका रुग्णालयात अपघातातल्या ७१ जणांवर प्रयोग झाला. सहा तासांच्या आत काहींना आधी नकोसे क्षण थोडक्यात आठवायला लावले आणि मग टेट्रिस खेळायला दिलं. पहिल्या आठवड्यात त्यांना नको असताना येणाऱ्या आठवणी इतरांपेक्षा ६२ टक्के कमी आल्या. टेट्रिसच का? डोळ्यांसमोरच्या चित्राशी जागेसाठी भांडायला चित्र जास्त चांगलं, असं मानतात. एमिली होम्स यांच्या २०१०च्या प्रयोगात भयानक दृश्यांची फिल्म पाहिल्यावर सामान्यज्ञानाचे प्रश्न सोडवणाऱ्यांच्या अशा आठवणी उलट वाढल्या होत्या.

जखम खोल असेल तर मात्र घरी एकट्याने हे करू नका, जाणकारासमोर बसा.

हां, मागून आजी विचारताहेत, चांगल्या आठवणींचं काय? त्याही फिकटतात, प्रयोगांत दिसलंय. तेव्हा नातवाचं बारसं आठवत असाल, तर त्याच वेळी दूधवाल्याचा हिशेब मांडू नका.