एबीसीडी टू: डान्स वेगासला, स्टोरी नालासोपाऱ्यात

नमस्कार मंडळी, जेवणं झाली का? नसतील झाली तर ताट घेऊन बसा रेडिओजवळ, कारण आजचा विषय घरात भांडण लावणारा आहे. एबीसीडी टू. आता तुम्ही म्हणाल 2015 चा पिक्चर, आत्ता काय त्याचं? तर त्याचं असं की टीव्हीवर तो लागला रे लागला की सोफ्यावर दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते कसला भारी नाचलेत आणि दुसरी म्हणते अरे पण स्टोरी कुठंय. आणि गंमत म्हणजे दोघीही शेवटपर्यंत बघतात!

ज्यांनी बघितलाच नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. पहिला एबीसीडी आला 2013 च्या फेब्रुवारीत, दुसरा 2015 च्या जूनमध्ये, दोन्ही रेमो डिसूझाचे, दोन्ही थ्रीडी आणि दोन्हीत प्रभुदेवा नाच शिकवणारा विष्णू सर. दुसऱ्यात मुंबईच्या एका ग्रुपवर टीव्हीवरच्या स्पर्धेत स्टेप्स चोरल्याचा शिक्का बसतो, सगळीकडे बदनामी होते, मग हीच पोरं तो डाग पुसायला लास वेगासच्या हिप हॉप स्पर्धेला जातात. झालं. एवढीच गोष्ट, अडीच तास.

आता लोकांचं म्हणणं. सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे पहिल्यासारखी मजा नाही. आणि ती मला बऱ्यापैकी पटते. पहिल्यात पोस्टरवर मोठा हिरो नव्हताच, धर्मेश, पुनीत, सलमान युसूफ खान ही सगळी डान्स इंडिया डान्समधून आलेली पोरं, म्हणजे ज्यांना आपण दर वीकेंडला टीव्हीवर बघून एसेमेस करत होतो तीच थेटरात मोठ्या पडद्यावर, त्यामुळे आपल्याच गल्लीतलं कोणीतरी पुढे गेल्यासारखं वाटायचं. दुसऱ्यात आले वरुण धवन आणि श्रद्धा कपूर, आणि धर्मेश-पुनीत गेले मागच्या लाईनीत. काही लोक ह्यावर अजून चिडलेले आहेत, नाचणारे मागे आणि दिसणारे पुढे म्हणून. पण खरं सांगायचं तर वरुणने मेहनत घेतलीये राव, त्या पोरांच्या मधे उभं राहून तो कुठे उघडा पडत नाही, हे सोपं नाही. आणि पिक्चर शंभर कोटींच्या वर गेला तो ह्या दोघांमुळेच, हेही मान्य करायला पाहिजे.

माझी स्वतःची कुरकुर वेगळीच आहे. कॅमेरा! ग्रुप डान्समधे बघायचं काय असतं, तर एक पोरगा वर फेकला जातो तेव्हा खाली झेलणाऱ्यांचे हात कधी पुढे येतात, कोण गुडघा टेकतो, कोणाच्या खांद्यावर पाय पडतो, आणि पुढच्या बीटला तीच पोरं काहीच झालं नाही अशी लाईनीत उभी असतात. ते सगळं एका फ्रेममधे दिसलं तरच अंगावर काटा येतो. इथे काय होतं की पोरगा वर गेला, कट, पब्लिकचा चेहरा, कट, स्लो मोशन, कट, आणि पोरगा खाली उभा. अरे झेलला कुणी? तो खरा हिरो तर दिसलाच नाही! ‘हॅपी आवर’मधे प्रभुदेवा जरा सुटतो तेव्हा कळतं नुसता माणूस फ्रेममधे असला की पुरतं, बाकी काही लागत नाही.

आणि स्टोरीचं म्हणाल तर मंडळी, स्टोरी होती. चांगली दणकट होती. हा पिक्चर ज्यांच्यावर बेतलाय ती वसई-नालासोपाऱ्याकडची खरी पोरं, सुरेश मुकुंद आणि वर्नन मोंटेरो आणि त्यांचा फिक्टिशस ग्रुप. 2012 मधे ही पोरं खरोखर लास वेगासला जाऊन नाचून आलेली. आता आपल्या विरार लाईनीवरच्या श्रोत्यांना मी काय सांगू, तिकडून रोज अंधेरी-दादर करायचं, संध्याकाळच्या विरार फास्टमधे दारात लटकून घरी यायचं, आणि मग रात्री प्रॅक्टिस म्हटलं की घरचे विचारणार ह्याने पोट भरणार आहे का. पासपोर्ट, व्हिसा, तिकिटाचे पैसे, सुट्टी न देणारा बॉस... ह्यातल्या एकेका गोष्टीवर अर्धा तास पिक्चर झाला असता, आणि हे सगळं भरभर उरकून आपण पोचतो कुठे तर वेगासच्या झगमगाटात. मग तिकडे विष्णू सर मधेच गायब, विनीचा, म्हणजे श्रद्धाचा, पाय दुखावतो, तिच्या जागी ऑलिव्ह नावाची डान्सर येते. हे सगळं खोटं वाटतं कारण खरं होतं ते मागे ठेवून आलो ना आपण.

आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत नालासोपाऱ्याच्या, त्या म्हणतात तुमचं कॅमेरा-बिमेरा काही कळत नाही, आमच्या बाजूच्या पोरांवर पिक्चर आला हेच खूप. ह्यावर काय बोलणार! हेही एक मत आहे आणि ते थेटरात शिट्टी मारणाऱ्याचं मत आहे, समीक्षेत ते येत नाही.

बरं, पुढचं ऐका. पिक्चर लागला जूनमधे आणि ऑगस्टमधे ह्याच सुरेश मुकुंदचा ग्रुप, किंग्ज युनायटेड, अमेरिकेत सॅन डिएगोला जागतिक हिप हॉप स्पर्धेत उतरला आणि ब्राँझ घेऊन आला. 2019 मधे तर किंग्ज नावाने अमेरिकन टीव्हीवरचा वर्ल्ड ऑफ डान्स जिंकला, बक्षीस दहा लाख डॉलर. आणि पडद्यावर 2020 मधे काय आलं, तर स्ट्रीट डान्सर थ्रीडी, तोच वरुण, तीच श्रद्धा, तोच प्रभुदेवा आणि गोष्ट थेट लंडनला. अरे बाबांनो, पुढचा भाग इथे विरार लाईनीवर चालू होता, कॅमेरा घेऊन यायचं फक्त.

असो, मी जास्त बोलायला लागलो की आमच्या कंट्रोल रूममधून हात हलवतात, आत्ताही हलवतायत. शेवटचं भांडण तुमच्यावर सोडतो. पहिल्या पिक्चरमधलं ‘बेजुबान’ भारी की दुसऱ्यातलं ‘बेजुबान फिर से’? माझं मत पहिल्याला, पण आमची ऑपरेटर मान हलवतेय, तिला दुसरं आवडतं. दोन्ही लागोपाठ लावतोय, आधी 2013 चं. ऐका आणि कळवा.