विमा नसलेल्या गाडीने ठोकलं, तर पैसे कोणाकडून?

(नाशिकमधील एका नागरिक मेळाव्यातल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. विषय कायद्याचा आहे, पण सुरुवात टोमॅटोपासून करतो.

दोन वर्षांपूर्वी, ऐन टोमॅटोच्या हंगामात, आम्ही दोघं पिंपळगाव बसवंतहून घरी येत होतो. सर्व्हिस रोडवर थांबलो होतो आणि क्रेटने भरलेल्या पिकअपने मागून ठोकलं. डिकी आत, बंपरचे दोन तुकडे, रस्त्यावर टेललॅम्पच्या काचा आणि त्यावर फुटलेल्या टोमॅटोचा लाल चिखल. ड्रायव्हर विशीतला पोरगा, हात थरथरत होते. हिने त्याला आधी पाणी दिलं. मग मी इन्शुरन्स विचारला. त्याने सन व्हायझरमागून घडी घातलेला कागद काढला. पॉलिसीची मुदत चौदा महिन्यांपूर्वीच संपलेली!

तोवर वीसेक माणसं जमली. "काका, गरीब पोरगं आहे, जाऊ द्या." "माणसं सुखरूप आहेत ना? मग मिटवा." कोणीतरी माझ्या हातात दोन हजार कोंबले. इथे असे दोन हजार कितीजणांनी घेतलेत, हात वर करा बरं. बघा, पुढच्या दोन्ही रांगा!

मी ते परत दिले. पोराची दया मलाही आली. पण गाडी त्याची नव्हती आणि विमा भरणं त्याच्या हातात नव्हतं. गाडी विम्याशिवाय रस्त्यावर आणायची नाही, हे मोटार वाहन कायद्याचं कलम 146 मालकालाही सांगतं. गर्दी पोराच्या गरिबीकडे बोट दाखवते आणि त्या बोटाआड मालक सुटतो, हे मला फार लागतं. आणि मालक तरी कोण? पिकअप केव्हाच विकलेली, आरसीवर नाव मात्र जुन्याचंच. "माझा काय संबंध?" असं तो मला फोनवर म्हणाला. संबंध आहे. नवीन कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलंय की भरपाईसाठी आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक. जुनी गाडी विकलेल्यांनी हे आज घरी जाऊन तपासाच.

गॅरेजचं बिल झालं 38,400. माझा विमा होता, तरी प्लास्टिकच्या भागांची निम्मी किंमत घसाऱ्यात गेली, वर क्लेममध्ये स्वतः सोसायचे सक्तीचे हजार रुपये. खिशातून 12,700 गेले. चूक दुसऱ्याची असली तरी क्लेम घेतला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. माझा 35 टक्क्यांचा शून्यावर आला.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, तेव्हा मुख्य गोष्टी भराभर सांगतो.

जागेवर नंबर प्लेटसकट फोटो काढा, एमपरिवहन या सरकारी ॲपवर विमा चालू आहे का पाहा. पोलिसांत नोंद आणि पंचनामा करून घ्या. विम्याविना गाडी चालवण्याचा दंड पहिल्यांदा 2,000, पुन्हा पकडलं तर 4,000, पण तो सरकारजमा होतो. तुमच्या बंपरला त्यातला रुपयाही नाही. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने पाहण्याआधी गाडी उघडू नका.

मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. तिथे फक्त मृत्यू-जखमींचेच दावे चालतात, हा गैरसमज आहे. कलम 166 खाली मालमत्तेचं नुकसान झालेला मालकही अर्ज करू शकतो, तोही स्वतः राहतो तिथल्या न्यायाधिकरणात. ड्रायव्हर आणि आरसीवरचा मालक, दोघांनाही पक्षकार करा. विमा कंपनीने दिलेली रक्कम पुन्हा मागता येत नाही, न मिळालेली मागायची. म्हणून कंपनीच्या 'संपूर्ण व अंतिम' पावतीवर वाचल्याशिवाय सही करू नका; पुढे तीच आडवी येते. निकालानंतरही मालक पैसे देत नसेल, तर कलम 174 प्रमाणे न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना दाखला देतं आणि वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते.

माझं प्रकरण लोक अदालतीत मिटलं. जुन्या मालकाने दोन चेकने 11,000 दिले. पोराकडून मी काही घेतलं नाही.

एक राहिलंच. 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात न्यायाधिकरणातल्या या अर्जाला अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आहे. ज्यांचा पाचवा-सहावा महिना चालू आहे, त्यांनी चहाला थांबू नका, बिलं घेऊन आधी इकडे या.