युरेका: मॉरिशसचे बंगले आणि त्यामागचा ऊस

मॉरिशसमधल्या मोका गावाजवळचा हा युरेका. १८३० च्या सुमारास बांधलेला लाकडी बंगला. पुढे ऐसपैस व्हरांडा, आणि दारं-खिडक्या मिळून शंभराच्या वर. सगळी उघडली की वारा आरपार वाहतो. स्वयंपाकघर मात्र मागच्या अंगाला, वेगळं आणि दगडी. चुलीतली ठिणगी लाकडी घरापर्यंत पोहोचू नये, म्हणून.

१८५६ मध्ये हा बंगला लेक्लेझिओ घराण्याकडे आला. त्यांचं मूळ फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातलं. उत्तरेला मापूजवळ व्हिए घराण्याचा लाबुर्दोने हा दुमजली प्रासाद आहे, तोही त्याच काळातला. १८१० मध्ये बेट इंग्रजांनी जिंकलं. पण फ्रेंच वसाहतवाल्यांची मालमत्ता, कायदे, चालीरीती जशाच्या तशा ठेवायचं त्यांनी कबूल केलं. झेंडा बदलला, मळे त्याच घराण्यांकडे राहिले.

हे वैभव उसाचं. आणि तो ऊस पिकवला मादागास्कर आणि मोझांबिकहून धरून आणलेल्या गुलामांनी. १८३५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. नुकसानभरपाई मिळाली, ती मालकांना: वीस लाख पौंडांहून जास्त. जे राबले त्यांच्या हाती छदामही पडला नाही. या बंगल्यांचं देखणेपण खरं आहे, पण हा आकडा बाजूला ठेवून ते पाहता येत नाही.

मग मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस खाडा झाला, तर दोन दिवसांची मजुरी कापायची. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून साडेचार लाखांच्या आसपास माणसं या बेटावर उतरली. पोर्ट लुई बंदरातला आप्रवासी घाट, म्हणजे मजुरांना उतरवून घेण्याचं ठाणं, त्यांच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला. मुंबईहून निघालेल्या जहाजांत आपल्या कोकणातली माणसंही होती. त्यांनी सोबत गणपती नेला, झाकरीचा, म्हणजे आपल्या जाखडीचा, नाच नेला. आज मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते.

बंगल्यांच्या मालकांची नावं सहज सापडतात. मजुरांची नावं शोधायची, तर मोक्यातच असलेल्या महात्मा गांधी संस्थेत जावं लागतं. तिथे स्थलांतरितांची जुनी दप्तरं जपून ठेवली आहेत. प्रत्येकाला एक क्रमांक. पुढे नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव, अंगावरची खूण. १८६० च्या दशकापासून पुढे फोटोही. कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं नाव लिहिलं, आणि कित्येक घरांत तेच पुढे आडनाव झालं. त्यामुळे मॉरिशसच्या मराठी घरात आज जे आडनाव ऐकू येतं, ते पुष्कळदा जहाजातून उतरलेल्या पणजोबांचं पाळण्यातलं नाव असतं.